जात्याची सोबत

खेड्यातील पहाट एके काळी जात्याच्या घरघरीने उजाडत असे. कोंबडा आरवण्यापूर्वीच घरातील लेकीसुना उठत आणि मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात जात्यापाशी बसत. जात्याला दोन दगड असतात. खालचा दगड स्थिर असतो आणि वरचा दगड खुंट्याला धरून फिरवावा लागतो. वरच्या दगडाच्या तोंडात मूठ मूठ धान्य घालीत राहावे, खुंटा ओढीत राहावे, तेव्हा कोठे कडेने पीठ झरू लागते. घरात माणसे दहा असोत की वीस, त्या दिवसाच्या भाकरीचे पीठ उजाडण्यापूर्वी निघालेच पाहिजे, असा दंडक असे. दळताना दंड भरून येत, पाठीला कळ लागे, डोळ्यांवर झोप असे. म्हणून स्त्रिया दळता दळता ओव्या गात. दगडाची फेरी आणि गाण्याची ओळ यांचा मेळ बसला म्हणजे श्रम हलके वाटत.

परंतु ओवीचा उपयोग एवढ्यावरच संपत नसे. लहान वयात सासरी आलेल्या मुलीला आईची आठवण येई. कोणी टाकून बोलले, तर उलट उत्तर देण्याची सोय नसे. कामाच्या धबडग्यात दोन अश्रू ढाळण्यासही उसंत मिळत नसे. मनातील हे सारे ती जात्याला सांगे. माहेरची वाट, भावाची ओढ, लेकराचे कौतुक, सासरचा जाच, सर्व काही त्या ओव्यांत येई. दळताना गाणे ही रीतच असल्यामुळे गाणाऱ्या स्त्रीला कोणी रागे भरत नसे. जाते सर्व ऐकून घेई आणि कोणाला काही सांगत नसे. दळण सरे, त्याबरोबर मनावरचा भारही थोडा उतरे, आणि ती पुढच्या कामाला लागे.

अशा असंख्य स्त्रियांपैकी एक खानदेशात होऊन गेली. तिने आपले सुखदुःख जात्यापाशी, चुलीपाशी आणि शेताच्या बांधावर गाऊन मोकळे केले. तिला अक्षरओळख नव्हती. आपण कवयित्री आहोत, असे तिने कधी मिरविले नाही. तिच्या हयातीत तिच्या गाण्यांचे पुस्तकही निघाले नाही. तरी आज तिचे नाव महाराष्ट्रातील घराघरांत आदराने घेतले जाते. ती स्त्री म्हणजे बहिणाबाई चौधरी.

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोदे या गावी झाला. त्यांच्या वडिलांचे नाव उखाजी महाजन आणि आईचे नाव भिमाई. तीन भाऊ आणि तीन बहिणी, असे त्यांचे भरले घर होते. घरी शेती होती. त्या काळी खेड्यातील मुलींना शाळेत धाडण्याची पद्धत नव्हती. त्यामुळे पाटी आणि पेन्सिल बहिणाबाईंच्या हाती कधी आली नाही. शेत, गोठा, अंगण आणि देऊळ हीच त्यांची शाळा झाली. काळ्या जमिनीत टाकलेले बी कसे उगवते, पाखरू आपल्या पिलांसाठी खोपा कसा विणते, पहिला पाऊस आला म्हणजे मातीला कसा वास सुटतो, हे सर्व त्या लहानपणापासून डोळे उघडे ठेवून पाहत होत्या. घरातील वडील स्त्रियांच्या ओव्या, सणावाराची गाणी आणि देवळातील भजने कानांवर पडत होती. पुढे त्यांची जी गाणी झाली, त्यांची पेरणी याच दिवसांत झाली.

वयाच्या तेराव्या वर्षी बहिणाबाईंचे लग्न झाले. जळगावचे नथुजी खंडेराव चौधरी हे त्यांचे पती. असोद्याहून जळगाव फार दूर नाही. परंतु सासुरवाशिणीला जवळचे माहेरही दूरच असते. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण आला की खानदेशात लेकींना माहेरी आणतात. झाडांना झोके बांधले जातात आणि झोक्यांवर गाणी म्हटली जातात. वर्षातून असे थोडे दिवस सोडले, तर बाकीचा काळ सासरच्या कामातच जाई. पहाटे दळण, मग पाणी भरणे, चूल, भाकरी, त्यानंतर शेतातील निंदणी किंवा कापणी, आणि संध्याकाळी पुन्हा चूल. बहिणाबाईंचा दिवस इतर शेतकरी स्त्रियांच्या दिवसाहून वेगळा नव्हता.

त्यांना ओंकार आणि सोपान हे दोन मुलगे व काशी ही मुलगी झाली. संसार मार्गी लागत आहे असे वाटत असतानाच त्यावर घाला पडला. बहिणाबाई तिशीच्या सुमारास असताना त्यांचे पती निवर्तले. पदरात तीन मुले, शेतीचे कष्ट आणि पैशांची ओढाताण, अशा स्थितीत त्या एकट्या राहिल्या. तेवढ्यावरही दुर्दैवाचे समाधान झाले नाही. प्लेगच्या साथीत थोरला मुलगा ओंकार याला दुखणे आले. त्याचे प्राण वाचले, पण त्याला कायमचे अपंगत्व आले.

त्या काळी विधवा स्त्रीचे दुःख दुहेरी असे. पती गेल्याचे दुःख तर होतेच, पण समाजाची वागणूकही तिला टोचत राही. तिचे कुंकू पुसले जाई, बांगड्या फोडल्या जात, मंगलकार्यात तिला मागे राहावे लागे. तिच्या नशिबाविषयी जो तो बोलत असे. तिच्या मनात काय चालले आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारी. अशा वेळी काही माणसे खचून जातात, काही कडवट होतात. बहिणाबाई रोज शेतात गेल्या, रोज चूल पेटवली, मुलांना वाढवले, आणि हे सर्व करीत असता त्या गात राहिल्या.

या दुःखाच्या काळातील त्यांचे एक गाणे आहे. सौभाग्याची बाहेरची चिन्हे गेली. परंतु कपाळावरचे गोंदण कोणाला पुसता आले नाही आणि मनगटातील बळ कोणाला हिरावून नेता आले नाही, असा त्या गाण्याचा आशय आहे. दुसऱ्या एका गाण्यात त्या ज्योतिषाला आपल्या दारी येऊ नकोस असे सांगतात. आपले दैव आपल्याला कळून चुकले आहे, आता तळहाताच्या रेषा दुसऱ्याने वाचण्याची गरज नाही, अशी त्यामागची भावना आहे. या गाण्यांत रडणे आहे, पण रडगाणे नाही. दुःखाकडे पाठ न फिरवता, त्याच्यासमोर उभे राहून, त्याला नेमक्या शब्दांत पकडण्याचा तो प्रयत्न आहे.

अशा गाण्याने मनाला आधार कसा मिळतो, हे शेतकऱ्याला सहज समजेल. विहिरीतील पाणी उपसले नाही, तर ते कुजते व त्यावर शेवाळ धरते. तेच पाणी मोटेने वर काढून पाटात सोडले, तर मळा हिरवा होतो. मनातील दुःखाचेही असेच आहे. ते आतल्या आत कोंडून ठेवले, तर मन झाकोळते. त्याला शब्दांचा पाट मिळाला, तर ते वाहू लागते. शिवाय गाण्याला ताल असतो, ओळीला सुरुवात आणि शेवट असतो. ज्या दुःखाला आदि ना अंत असे वाटते, तेही ओळीत बसवताना थोडे आटोक्यात येते. कोणता शब्द बसेल, कोणता बसणार नाही, याचा विचार करताना मनुष्य आपल्या दुःखापासून एक पाऊल बाजूला होतो आणि त्याच्याकडे पाहू शकतो. बहिणाबाईंनी यातील काहीही पुस्तकातून शिकले नव्हते. दळता दळता, पाखडता पाखडता त्यांना ते अनुभवाने उमगले होते.

गाण्याने त्यांच्या अडचणी दूर झाल्या, असे मात्र झाले नाही. गाणे संपले तरी शेतातील तण काढायचेच असे आणि घरातील दळण दळायचेच असे. ओंकारचे दुखणे गाण्याने बरे होणार नव्हते. गाण्याने एवढेच केले की दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पुन्हा जात्याचा खुंटा हाती धरण्याचे बळ दिले. हे बळ थोडे नव्हे. त्याच्या आधारावर त्यांनी पुढची चाळीस वर्षे काढली.

बहिणाबाईंची सर्वच गाणी दुःखाची आहेत, असे समजू नये. मन हलके झाले म्हणजे मनुष्याला आजूबाजूचे जग पुन्हा दिसू लागते. बहिणाबाईंना ते फार बारकाईने दिसले. पेरणी, कापणी, मळणी, उपणणी अशा शेतीच्या एकेका कामावर त्यांनी गाणी रचली. विहिरीवरची मोट आणि ती हाकणारा शेतकरी त्यांच्या गाण्यात आले. चोचीशिवाय दुसरे हत्यार नसताना सुबक घर बांधणारी सुगरण त्यांच्या गाण्यात आली. गुरासारखे पुन्हा पुन्हा पिकात शिरणारे, हाकलले तरी परत येणारे चंचल मन त्यांनी गाण्यात आणले. तव्याचा चटका सोसल्याविना भाकरी मिळत नाही, हा संसाराचा धडा त्यांनी चुलीपाशी बसून गायिला. ज्या जात्याने त्यांना आयुष्यभर सोबत केली, त्यालाही त्या विसरल्या नाहीत. त्यांच्या बोलीत जात्याला घरोट म्हणतात. त्या घरोटाला उद्देशून त्यांनी गाणे रचले आहे. ओळखीच्या माणसांच्या लकबी टिपणारी त्यांची काही गाणी तर हसू आणणारी आहेत.

सासर आणि माहेर यांविषयीचे त्यांचे एक गाणे विशेष विचार करण्यासारखे आहे. सासरी राहून माहेरचे गोडवे गाणाऱ्या सासुरवाशिणीला एक योगी प्रश्न विचारतो, अशी त्यात कल्पना आहे. तिच्या उत्तराचा भाव असा की, आपल्या लेकीला पुढे माहेर मिळावे म्हणून आई सासरी नांदत असते. जात्यावर स्वतःच्या माहेरासाठी रडणारी मुलगी पुढे दुसऱ्या कोणाचे तरी माहेर होते, ही गोष्ट त्यांनी किती थोडक्यात सांगितली आहे! स्वतःच्या दुःखातून सुरू झालेले गाणे अशा रीतीने सर्वांच्या जीवनाविषयी बोलू लागले.

ही गाणी कागदावर कशी उतरली, याची कथाही मनोरंजक आहे. धाकटा मुलगा सोपान शाळेत शिकत होता. त्याच्या क्रमिक पुस्तकात सावित्री आणि सत्यवान यांची गोष्ट होती. ती त्याने आईला वाचून दाखविली. आईने ती ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या गोष्टीचे गाणे तयार झाले. यमाच्या मागे जाऊन पतीचे प्राण परत आणणाऱ्या सावित्रीची ती कथा बहिणाबाईंच्या मनाला भिडली, यात नवल नाही. मुलाला मात्र मोठे नवल वाटले. ज्या आईला पुस्तकातील एक अक्षर वाचता येत नव्हते, तिने पुस्तकातील धड्याचे गाणे केले होते! तेव्हापासून तो आईची गाणी वहीत उतरवून घेऊ लागला. त्याचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनीही काही गाणी टिपून घेतली. हाच सोपान पुढे कवी सोपानदेव चौधरी म्हणून प्रसिद्धीस आला.

आजवर जे गाणे फक्त जात्याने ऐकले होते, ते आता एका मुलाने ऐकले. जात्याला ऐकता येते, पण लक्षात ठेवता येत नाही. मुलाने ते लक्षात ठेवले. तथापि, शेतात आणि चुलीपाशी उमललेले प्रत्येक गाणे टिपून घेण्यास जवळ कोणी वही घेऊन बसलेले नसे. त्यामुळे कितीतरी गाणी वाऱ्यावर गेली. बहिणाबाईंनी त्यांची खंत धरली नाही. ज्या वेळी गाण्याची गरज होती, त्या वेळी ते ओठांवर आले होते. त्याचे काम तेथेच झाले होते.

३ डिसेंबर १९५१ रोजी जळगाव येथे बहिणाबाईंचे निधन झाले. त्यानंतर सोपानदेवांनी आईच्या गाण्यांची वही आचार्य प्रल्हाद केशव अत्रे यांना दाखविली. अत्रे हे नामवंत लेखक आणि संपादक होते. मराठी काव्याचा त्यांचा व्यासंग मोठा होता. ती गाणी ऐकताच ते थक्क झाले. असे धन महाराष्ट्रापासून लपवून ठेवणे योग्य नाही, असे त्यांचे मत पडले. त्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले.

पुस्तक निघताच वाचक चकित झाले. पुस्तकी मराठी हीच खरी मराठी, बोली म्हणजे अडाण्यांची भाषा, असे समजणारे लोक त्या काळी पुष्कळ होते. बहिणाबाईंची गाणी खानदेशातील त्यांच्या घरच्या बोलीत होती. ज्या भाषेत त्या लेकरांशी आणि गुरांशी बोलत, त्याच भाषेत त्यांनी जन्ममरणाचा विचार मांडला होता. तो शिकलेल्यांना जसा पटला, तसाच न शिकलेल्यांनाही पटला. १९६१ साली ‘मानिनी’ या मराठी चित्रपटात त्यांची गाणी घेण्यात आली आणि ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्याही ओठांवर ती खेळू लागली. शाळेच्या पुस्तकांत त्यांच्या कविता आल्या. जळगाव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. जिने शाळेचा उंबरा ओलांडला नाही, तिच्या नावाच्या विद्यापीठातून आज हजारो मुलेमुली पदव्या घेऊन बाहेर पडतात.

बहिणाबाईंना मिळालेली ही कीर्ती मोठी आहे. परंतु त्यांच्या जीवनाचा विचार करताना, ज्यांना कीर्ती मिळाली नाही त्यांचेही स्मरण ठेवले पाहिजे. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह केले. त्यांनी जमविलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. त्या रचणाऱ्या आणि गाणाऱ्या स्त्रिया शेतात राबणाऱ्या, मोलमजुरी करणाऱ्या होत्या. त्यांना कोणी कवयित्री म्हटले नाही आणि त्यांनीही तशी अपेक्षा धरली नाही. त्यांच्यापैकी प्रत्येकीची ओवी बहिणाबाईंच्या गाण्याइतकी सुंदर असेल, असेही नाही. पण ओवी गाऊन उठताना प्रत्येकीचे मन थोडे हलके झाले असेल, आणि त्या ओवीची खरी किंमत तीच होती.

गाणे, चित्र किंवा लेखन ही केवळ मोठ्या कलावंतांची मिरास आहे, असा पुष्कळांचा समज असतो. आपल्याला हे जमणार नाही, आपल्याला लोक हसतील, या भीतीने कितीतरी माणसे मन मिटून बसतात. बहिणाबाईंनी गाताना कोणी वाहवा करील की नाही, याचा विचार केला नाही. समोर जाते होते, मनात दुःख होते आणि तोंडात आईची भाषा होती. तेवढ्या सामग्रीवर त्यांनी गाणे केले. कोणी रांगोळीची रेघ ओढताना मनाची घडी बसवते, कोणी जुन्या लुगड्याची गोधडी शिवताना टाक्याटाक्यात आठवणी गुंफते, कोणी वहीच्या पानावर आपल्यापुरत्या चार ओळी लिहिते. ती रांगोळी दुपारपर्यंत पुसली जाते, ती वही कदाचित कोणी वाचीतही नाही. पण करणाऱ्याला जे मिळायचे ते करतानाच मिळालेले असते.

आता गावोगावी पिठाच्या गिरण्या झाल्या आहेत. पहाटेचे दळण थांबले आणि स्त्रियांचे फार मोठे कष्ट वाचले, ही आनंदाची गोष्ट आहे. जाती कोपऱ्यात पडली, कोठे अंगणात पालथी पडून राहिली. दुःख मात्र पूर्वीप्रमाणेच घराघरांत येते, लहानांच्या वाट्याला येते आणि थोरांच्याही येते. त्या वेळी खानदेशातील या माउलीची आठवण ठेवावी. तिच्याजवळ पाटी नव्हती, पुस्तक नव्हते, आणि दुःख मात्र उदंड होते. तिने ते मूठ मूठ घेऊन जात्यात घातले आणि त्याचे गाणे केले.